बारा शब्द

सातपूरच्या डायलिसिस ट्रस्टला
कुणीतरी बिननावाने बिटकॉइन पाठवलं.
किल्ली म्हणजे बारा शब्द:
चार माझ्याकडे, चार सायरा सिस्टरकडे,
चार खजिनदार बोरस्तेआप्पांकडे.
"एकट्याच्या हाती नको," हट्ट त्यांचाच.

माघात आप्पा गेले.
तीन नंबरचं मशीन बंद;
पैसे ब्लॉकचेनवर साऱ्या जगाला दिसतात,
आम्हाला काढता येत नाहीत.
कपाट, पंचांग, चष्म्याचं घर, सगळं उलथून झालं.

दहाव्याला रामकुंडावर
गुरुजींनी बोरस्त्यांची वही उघडली.
कडेला वाळवी, मधे पणजोबा,
खाली आप्पांचं तिरकं अक्षर:
रिव्हर. सॉल्ट. अंकल. टुमारो.

सायराने माझा दंड धरला.
गुरुजी टाक बुडवत म्हणाले,
"विचारलं नाही मी.
वाटलं, परदेशातली नातवंडं असतील."