प्रकाश डावीकडून

रात्रपाळीच्या मागांचा खडखडाट
अशोक चौकाकडून भिंतीतून येत राहतो
आणि मी मंगळावरच्या एका दरीत
बोटाने रेघ ओढते :
दरड इथे सुटली,
इथवर आली,
इथे थांबली.

कामाचा नियम साधा आहे.
वरचा कडा लाल, खालची जीभ पिवळी,
शंका असेल तिथे काहीच नाही.
चौकटीमागे पैसे ठरलेले,
शंकेचे मिळत नाहीत.

एक ठिपका म्हणजे वीतभर जमीन.
ठिपक्यांचं मला नवल नाही.
नायना चाळीस वर्षं जेकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडत होते.
भोक तिथे धागा वर, नाही तिथे खाली,
एवढ्यावर मोर उभा राहायचा.
चादर उलटली की तोच मोर,
फक्त त्याचा रंग आणि आभाळाचा रंग
यांनी जागा बदललेल्या.
सुलटी कुठली, गिऱ्हाईक विचारायचं.
पांघरशील ती, नायना म्हणायचे.

पहिल्या आठवड्यात मी सगळे खड्डे
टेकड्या म्हणून नोंदवले.
पुण्याचे सर फोनवर म्हणाले, सावली बघा, रजिता,
प्रकाश डावीकडून आहे.
मी लॅपटॉपच उलटा धरला.
टेकडी आत गेली,
आणि परत सुलटा केला तरी
बाहेर येईना.

तिथे पाऊस नाही. नदी होती म्हणतात,
वळणं आपल्या सीनेसारखीच आळशी.
तरी डोंगर खचतात.
वाऱ्याने, थंडीने, नुसत्या वेळाने,
कोणी बोटही लावलेलं नसताना.
आधीच्या चित्रात नसलेली काळी रेघ
नंतरच्या चित्रात असते.
मध्ये कधीतरी,
आम्ही इथे शेंगाचटणी कुटत असू किंवा झोपलेलो असू,
केवढा आवाज झाला असेल,
आणि तो वाहून न्यायला
हवाही धड नव्हती.

मल्लेशमकाका, आमच्यात चिन्नायना,
माग विकल्यावर कुंभारीच्या पुढे
मुरमाच्या खाणीत ट्रॅक्टर भरायचा.
दुपारी अडीचला कडा सुटला.
पोकलेन आलं साडेचारला.
पंचनाम्यात लिहिलं : ढिगारा,
लांबी सतरा मीटर, रुंदी नऊ.
मी तेव्हा नववीत.
भूगोलाच्या वहीतला दुसरा कुठलाच आकडा
असा पाठ झाला नाही.

काल काम संपवून
इथली चित्रं उघडली. तशीच, वरून.
किल्ल्याचा खंदक सापडला, तळ्यातलं देऊळ,
विमानतळाची पट्टी, मग रस्ता, मग खाण.
पायऱ्यापायऱ्यांचा खड्डा, तळात हिरवं पाणी.
कडेला ती जीभ अजून कळते.
मी पिवळी रेघ मारली.
मोजली. सतरा.

तिथल्या मापाने उभा माणूस
वरून दोन ठिपक्यांचा,
सावली धरून फार तर तीन.
आडवा असेल तर सात.

आज परत मंगळ.
दरड एकशे बारा, लांबी सहा किलोमीटर.
अख्ख्या जुन्या गावठाणावर पसरेल एवढी.
रेघा झाल्या, पाठवायची बाकी आहे,
तरी मी तिच्या पायथ्याशी रेंगाळते.
नियमात नसताना
एकेक तुकडा मोठा करून बघते,
सात ठिपके ओळीने कुठे आहेत का.

नाहीत.
एवढा डोंगर कोसळला
आणि खाली कोणी नव्हतं.
हे लिहायला रकानाच नाही.

आतून आई विचारते, हजार झाल्या का गं?
तिच्या लेखी जगातलं प्रत्येक काम
विड्यांसारखं मोजायचं असतं.
मी म्हणते, थांब,
अजून बघतेय.