अठराचा पाढा

इथे साखर एकेरी आकड्यात मोजतात.
मिरजेहून मालन सांगते, "माझी एकशे सव्वीस."
मी हडर्सफील्डच्या स्वयंपाकघरातून म्हणते, "माझी सात."
ती गप्प. मग,
"सात? अगं, शुद्धीवर आहेस ना?"

अठराने गुणायचं, मोयरा नर्सने सांगितलं.
ती कॅल्क्युलेटर शोधेतो मी म्हणून मोकळी:
अठरा साती सव्वीसासे.
दोघी बहिणींची साखर एकच निघाली,
एका ताग्यातून दोघींचे फ्रॉक निघायचे, तशी.

लग्नाआधी नऊ वर्षं मी सांगलीच्या बँकेत होते,
आद्याक्षरांना मी भीत नाही.
ओडी म्हणजे ओव्हरड्राफ्ट,
टीडीएस म्हणजे हातात पडण्याआधीच कापलेला कर,
आणि बीडी सासरे ओढायचे, परसात, पाठ करून.
इथे ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा.
क्लिनिकच्या पत्रात माझ्या ग्लिक्लाझाइडपुढे बीडी असतं
आणि गोळी घेताना मला तंबाखूचा वास येतो.

एचबीएवनसी ही खरी ऑडिटर.
तीन महिन्यांच्या वह्या उघडते,
आदल्या दिवशीच्या उपासाला भुलत नाही.
बोट टोचून बघतात त्याला बीएम म्हणतात,
का, ते मोयरालाही नीट सांगता येईना.
कुठल्याशा जुन्या कंपनीचं नाव असावं, म्हणाली.
कंपनी गेली, अक्षरं राहिली.

ह्यांच्या फाइलीची प्रत मी दोन वर्षं मागवली नव्हती.
मग मागवली.
पायांचं क्लिनिक, चौदा मार्च: डीएनए.
अठरा एप्रिल: डीएनए.
सहा जून: डीएनए.
मी समजले, रक्तातच सापडलं असणार काही.
सासूबाईंना होता, आत्याबाईंचे तर डोळे गेले होते,
घराण्याचं देणं.
खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.
कुणाचाच दोष नव्हता.

मोयराने चष्मा कपाळावर सरकवला,
म्हणाली, डिड नॉट अटेंड.
आले नाहीत.

आले नाहीत?
मार्चात मी मफलर गुंडाळून दिला होता, जूनमध्ये छत्री.
बस वळेपर्यंत दारात उभी होते.
कुठे बसला होतात हो, त्या तीन सकाळी?
कॅनॉलच्या बाकावर?
बदकांना माझ्या पोळ्या घालत?
आणि घरी येऊन म्हणालात,
"पाय उत्तम आहेत म्हणाली, चहा टाक."
अंगठ्यावरचा काळा ठिपका मोज्यात होता.
मोजे मीच धूत होते.

परवा रात्री दोनला घामाने जाग आली.
मशीनवर तीन पॉइंट शून्य.
अठरा त्रिक
अठरा त्रिक
पुढचं येईना.
शेंबेकर बाईंची फूटपट्टी दिसत होती, आकडा दिसत नव्हता.
हायपो हा शब्द मी चार वेळा लिहून पाठ केला होता,
कळला तेव्हा.
पायरी आहे म्हणून पाय टाकावा
आणि पायरी नसावी.

उशाशी जेली बेबीजचं पाकीट असतं, इथली रीत.
बाळांच्या आकाराच्या गोळ्या, लाल, हिरव्या.
डोक्याकडून चार खाल्ल्या,
पाचवी मुठीत धरून बसले.
हळूहळू कपाट जागेवर आलं, खिडकी आली.
चोपन्न.
मोठ्याने म्हणाले,
पलंगाच्या त्या बाजूला ऐकू जाईल इतपत.

आज मालनचा फोन.
"पायाच्या डॉक्टरकडे जाणार होतीस ना?"
"बसमध्येच बसलेय," मी म्हटलं.
"खरं?"
तिला इंजिनाचा आवाज ऐकवला.
खाली कॅनॉल होता. बाक ओला, रिकामा.
घंटी हाताशीच होती.
मी दाबली नाही.