वाक्यात उपयोग करा

सातवी ब. पंखा नुसता फिरतो,
वारा देत नाही. एप्रिल, सोलापूर.
फळ्यावर मी लिहिलं: भामटा.
खाली, सवयीनं: वाक्यात उपयोग करा.

एकानं केला.
गड्ड्याच्या जत्रेत एका भामट्यानं मामाचं पाकीट मारलं.
छान, म्हणाले मी.
तेवीस वर्षं छानच म्हणत आले.

तिसऱ्या बाकावरून रोहिणी गायकवाड उठली.
"बाई, हा शब्द माझ्या दाखल्यावर आहे."
कसला दाखला, मी विचारणार होते.
"जातीच्या," ती म्हणाली, आणि बसून
पेन्सिलीला टोक काढायला लागली.
टोक आधीच होतं.

मी येमूल. साखर पेठेतली.
अप्पा मागावर, अम्मा विड्या वळायची.
शाळेत मी 'तो भाकरी' म्हणाले की वर्ग हसायचा,
तेलंगी म्हणायचा.
ते दुखणं मी जपून ठेवलंय,
लग्नातल्या शालूसारखं, डांबरगोळ्या घालून.
मला वाटायचं, ज्याला टोचलंय तो टोचत नाही.

मागच्या वर्षी स्टाफरूममधून पाचशेची नोट गेली
तेव्हा दप्तर कुणाचं उघडलं?
चेन मी ओढली.
आत कडक भाकरी, शेंगाची चटणी,
एक मोडका कर्कटक.

रविवारी गेले तिच्याकडे, सेटलमेंटात,
माफी मागायची ठरवून.
पण आधी चहा आला, मग दुसरा चहा,
आणि तिचे आजोबा काठी टेकत मला बाहेर घेऊन गेले.
"इथं तार होती," गॅरेजच्या दारात म्हणाले,
"काटेरी. आमी आतच जन्मलाव.
आई हजेरीला उभारायची, मी तिच्या काखेला.
मला चालता येत नव्हतं ओ बाई,
पळून कुठं जाणार होतो?"
आणि हसले. मला हसता येईना.

तार निघाली, कायदा गेला.
शब्द राहिला होता,
तो मी दरवर्षी खडूनं गिरवत होते.

परवा हेडसरांचा मोबाइल गेला.
सगळ्यांच्या नजरा न सांगता एकाच वर्गाकडे, एकाच बाकाकडे.
मी दारात उभी राहिले.
धीर वगैरे काही नव्हता, गुडघे
धोट्यासारखे इकडून तिकडं.
"माझ्या पर्सपासून सुरू करा, सर. मग तुमचा ड्रॉवर."
दुसऱ्या दिवशी डबा खायला मला कुणी हाक मारली नाही.

मोबाइल अजून सापडलेला नाही.
सापडू नये, असंही वाटतं.
सापडला की म्हणतील, बघा, तिनं नव्हता घेतला,
जणू तोवर
तिनं घेतलेलाच होता.

फळा पुसला मी. पण कोशात तो आहे, पेपरात आहे,
काल रिक्षावाल्याशी भांडताना
माझ्याच जिभेवर अर्धा आला होता.
गिळला. उरलेला अर्धा
काय करायचा, कळलं नाही.

आणि आज सिटी बसमध्ये, अशोक चौकात,
गोधडीचं गाठोडं घेऊन एक बाई शेजारी टेकली
आणि माझा हात पर्सकडे गेला.
गेलाच. मी त्याला जाताना पाहिलं.
मग पर्स उचलून मुद्दाम तिच्या बाजूला ठेवली,
तोंड खिडकीकडे केलं,
स्वतःवर थोडी खूशसुद्धा झाले असेन.

"ओ बाई," ती म्हणाली,
"नीट धरा की पर्स. पडंल."