सूर्य कोणाच्या आठवड्यात

पहिला तास कायद्याने सक्तीचा, पुढचे तुमच्या मर्जीचे:
हे वाक्य मी एकोणीस वर्षं म्हणत आलेय
ट्रॉम्सोच्या या दुसऱ्या मजल्यावर,
जिथून बंदर दिसतं, आणि नोव्हेंबर सरला की
बंदराचे फक्त दिवे.

सुन्निवा माझ्या डावीकडे, कोट अंगातच.
हाल्वार्ड उजवीकडे, बाहीला बोटीच्या डिझेलचा वास.
मध्ये कागदी रुमालांचा खोका. तो मी
दोघांच्या हातापासून सारखाच लांब ठेवते;
एवढं तरी निःपक्ष असता येतं.

काडीमोड. किती हलका शब्द आहे.
एक काडी, एक आवाज, झालं.
इथे काडीला हप्ते असतात.

बोट त्याची. गाडी तिची,
पण हिवाळी टायर अजून त्याच्या शेडमध्ये.
वॅफलचा साचा तिच्या आईचा, त्यावर वाद नाही.
कुत्रा म्हातारा, जिना चढवत नाही त्याला,
म्हणून ज्याला तळमजला मिळाला त्याचा कुत्रा.

आणि ईव्हर, वय सहा.
सम आठवडे बाबाकडे, विषम आईकडे.
कॅलेंडरवर मी दोन पेनं फिरवली,
हिरवं, नारिंगी, हिरवं, नारिंगी,
लहान पायाचा मोजा विणावा तसं,
आणि जानेवारीत टाका अडला.

एकवीस तारीख.
दोन महिन्यांनी सूर्य परत येतो तो दिवस.
शाळेमागच्या टेकडीवर पोरं जमतात,
जॅम भरलेले बन खातात, हात-तोंड लाल,
आणि दक्षिणेच्या डोंगरावर चार मिनिटं
एक कड दिसते. तेवढीच.

‘चौथा आठवडा. म्हणजे माझा.’
‘काही वर्षी तिसऱ्यात येते एकवीस.’
‘यंदा चौथ्यात आहे.’
‘पहिल्यांदा त्याला पाठुंगळी घेऊन मी चढले होते.
तू समुद्रावर होतास.’
‘हप्त्यांसाठी होतो समुद्रावर.’

घर पन्नास मिनिटांत वाटलं गेलं होतं.
सूर्याला दीड तास लागला.

मी न्यायाधीश नाही. बरंच आहे ते.
माझं काम धुणावळीचं:
वाक्यं उचलायची, खळबळून परत टेबलावर ठेवायची.
‘तू कधीच नव्हतास’ हे मी धुऊन दिलं:
‘तेव्हा तुला एकटं वाटलं.’
एरवी चालून जातं. सुन्निवाने माझ्याकडे पाहिलं.
‘नाही. तो नव्हता. तसंच लिही.’
मी तसंच लिहिलं.

मग बराच वेळ कोणी बोललं नाही.
खाली बर्फ ओढणारं यंत्र गेलं, परत आलं.
शेवटी हाल्वार्ड, टेबलाच्या कडेकडे बघत:
‘आणि ढग असले तर?’

तिच्या तोंडून हसू निसटलं, खोकल्यासारखं.
‘तर तो दिवस तो नाहीच.’
‘मग दुसऱ्या दिवशी.’
‘किंवा तिसऱ्या.’
‘दिसेल त्या दिवशी.’
‘दोघांनी?’
याला त्याने उत्तर दिलं नाही.
बन मी आणीन, म्हणाला.

कलम सात: सूर्य प्रत्यक्ष दिसेल तो दिवस
कोणाच्याही आठवड्यात धरला जाणार नाही.
असलं कलम मी याआधी लिहिलं नव्हतं,
वरिष्ठांनी त्याखाली पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं.
सह्या झाल्या. प्रमाणपत्र सहा महिने वैध.
खालचं दार तिने त्याच्यासाठी धरून ठेवलं,
की दारच जड आहे ते,
वरून मला नीट कळलं नाही.

पुढचं माहीत नाही. आम्हाला कोणी कळवत नाही.
एकवीसला धुकं होतं. बावीसलाही.
तेवीसला पावणेबारा वाजता
माझ्यासमोर दुसरं जोडपं, खोका तोच,
पेन्शनवरून आवाज चढलेले,
आणि भिंतीवर अचानक एक नारिंगी पट्टी.

तिघांनीही वाक्य अर्ध्यात सोडलं.