तूगु

रविवार पेठेत, गुळाच्या अडतीला लागून,
सायकल टेकवावी एवढ्या जागेत
मौनप्पा कम्मार तराजू दुरुस्त करायचा.
नाव मौनप्पा, आणि तोंड दिवसभर चालू:
अर्धं कन्नड, अर्धं आमचं,
मध्येच छाप मारायला येणाऱ्या साहेबाला एक शिवी.

त्याआधी माझे बरेच गुरू करून झाले होते.
एकांनी कानात मंत्र दिला, तो मी खानापूर बसमध्येच विसरले.
एकांनी सांगितलं, कांदा सोड. दोन वर्षं सोडला.
टिळकवाडीत एका बाईंकडे गुरुवारी डोळे मिटून बसायचो,
मला उधारीची वही दिसायची.
दुसरी एक वही मात्र भरत गेली:
अहंकार टाका, क्षमा करा, आत्ता या क्षणात राहा.
निळी शाई, वळणदार अक्षर.

वडील गेल्यावर घर भावाकडे गेलं,
तांदळाचं दुकान माझ्याकडे आलं, तराजूसकट.
पितळी पारडी, पिळाची साखळी.
मालाचं पारडं जरासं खाली असायचं.
जरासं म्हणजे चिमूटभर.
तीस वर्षं, रोज, चिमूटभर,
आमच्या बाजूला.

हे मी मौनप्पाला सांगितलं नव्हतं.
त्यानं दांडी उचलून धरली, पारडी मोकळी,
आणि म्हणाला, ‘मोदलु खाली तूगु.’
आधी रिकामं तोल.
‘काय न घालता काय झुकायलंय ते बघ की, अक्का.
मालाचं मागनं.’

पारडं खाली गेलं.
त्यात कुणीच काही ठेवलं नव्हतं.
गुळावरची एक माशी येऊन बसली, उडाली.
मला वडील दिसले, उदबत्ती ओवाळून
पहिलं माप घालताना, ओठांत देवाचं नाव.
आधी राग आला.
मग आठवलं, माझ्या शाळेची फी,
माझी पैंजणं, माझ्या लग्नातला मांडव,
सगळं त्या चिमटीतनंच.

त्यानं कडी कानशीनं घासली. फुंकर मारली. परत घासली.
मग शिशाचा एक तुकडा, हरभऱ्याएवढा,
वरच्या पारड्याखाली डकवला.
‘पासंग,’ मी म्हटलं.
‘हौदु. तुमच्यात म्हणत्यात न्हवं,
अमका तमक्याच्या पासंगालाबी पुरत न्हाई?
आता बघ, पुरतोय का न्हाई.’

काटा मध्यावर आला आणि थरथरत राहिला.
‘थांबत नाही का हा?’
‘थांबला तर गंजला म्हण.’
दहा रुपये घेतले. पाच परत दिले, सुटे नव्हते म्हणून
त्यातले दोन राहिले. ते अजून माझ्याकडे आहेत.

त्या आठवड्यात पोतनीसांची सून म्हणाली,
तुमचा काटा बिघडलाय वाटतं, तांदूळ जास्त येतोय.
बिघडला होता, मी म्हटलं,
आणि वडिलांच्या फोटोकडे बघायचं टाळलं.

आता सगळीकडे विजेचे काटे.
शून्याचं बटण दाबलं की झालं.
मौनप्पाच्या जागेवर मोबाईलची कव्हरं लोंबतात,
तो गोकाककडे लेकीकडे गेला म्हणतात,
कुणी म्हणतं, गेलाच.

आणि परवा शेजारची महादेवी
पाळण्याची दोरी माझ्या हातात देऊन
दूध तापवायला आत वळली. म्हणाली, ‘स्वल्प तूगु.’
मी तराजू शोधायला उठले.
ती हसत सुटली, दूध उतू जाईपर्यंत:
अगं, त्यांच्या भाषेत तोलणं आणि झुलवणं,
दोन्हीला एकच शब्द.

खाली तूगु.

रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात आमच्यात.
मी हलवलाय. एक अख्खा श्रावण.
त्याबद्दल कुठल्याच वहीत काही लिहिलेलं नाही,
आणि मौनप्पाला विचारायचं
तेव्हा ठाऊकच नव्हतं.

महादेवीचं बाळ झोपलं.
दोरी माझ्या हातात, जराशी थरथरत.