घट

गिरणीवाल्याचं घर घटीवर चालतं,
असं जिंतुरात म्हणतात, तोंडावर म्हणतात.
दहा किलो टाका, पावणेदहा घेऊन जा.
मी हसतो. पट्टा तपासायचं निमित्त करतो.
पाव किलो जातं कुठं?
थोडं भुवयांवर, थोडं जाळीत,
आणि थोडं, आता सांगायलाच बसलोय तर,
आमच्या घरच्या पितळी डब्यात.

दारात तेलाचा रिकामा डबा ठेवला तो नसीमाआपानं.
माझी अक्कल नव्हती ती.
तिचा भाऊ अकरा दिवस सरकारी दवाखान्यात होता;
पेशंटला जेवण मिळायचं, सोबतच्याला नाही.
"केरबा, दळण उचलायच्या आधी एक मूठ.
कुणाचं काय जायलंय त्यात?"

डब्यावर काही लिहिलं नाही.
कुणी विचारलं की मी दवाखान्याकडं मान हलवायचो.
झालं.

मुठी काही सारख्या नसतात.
दिगंबर ड्रायव्हरची मूठ म्हणजे ओंजळच.
वाणीसरांची, डब्यापर्यंत येता येता निम्मी गळलेली.
तलाठीणबाई घरून कोंड्याची पुडी आणायच्या
आणि पदराआडून ओतायच्या.
मी बघितलंच नाही.
माझी घट तरी त्यांनी कुठं बघितली होती.

शनिवारी पोतं सायकलला बांधून
दवाखान्यामागच्या चुलींपाशी जायचो.
तीन दगड, बाभळीच्या काटक्या, डोळ्यांत धूर.
वाटताना, खोटं कशाला बोलू, छाती फुगायची.

मग एकदा तांड्यावरची सोनाबाई राठोड,
नवरा वॉर्डात, पाय प्लास्टरात,
तिनं तव्यावरचे तुकडे उचलून माझ्यापुढं धरले.
"ह्ये बघा मालक. गहू, ज्वारी, बेसन, समदं एकात.
थापली तर चिरायली, लाटली तर फाटायली.
द्यायलात तर नीट द्या की."

राग आला. फुकटचं घेऊन वर बोलायली!
घरापर्यंत आला राग, कॅरिअरवर बसून.
रात्री बायकोला म्हणलं, ह्याच पिठाची भाकर कर.
"कामून?"
कर तर.
केली. मोडली.
वरणात चुरून खाल्ली दोघांनी,
कुणी काही बोललं नाही.

आता दोन डबे आहेत.
पट्ट्याच्या आवाजावरून मी ओरडतो,
"ज्वारी डावीकडं, गहू उजवीकडं,
बेसन घरी न्या!"
तलाठीणबाईंना कोंड्याचं एकदाच बोललो.
दोन महिने त्या दुसऱ्या गिरणीत गेल्या,
मग आल्या.
मूठ अजून चिमटीएवढीच, पण पीठ आहे.

आणि पितळी डबा?
तो आहे तिथंच आहे.
फक्त शनिवारी, पोत्याचं तोंड बांधायच्या आधी,
त्यातल्या दोन-तीन वाट्या पोत्यात जातात.
सगळं नाही.
घरही चालायचंय.

परवा सातवीतला मुनाफ दळण न्यायला आला.
त्याची आई घरी वजन करते,
एक मूठ कमी झाली तरी कळतं.
त्यानं खिशातून मिठाची छोटी पुडी काढली.
"कोणत्या डब्यात टाकू?"

मी ह्या डब्याकडं बघितलं, त्या डब्याकडं बघितलं.
इतकी वर्षं पीठ वाहतोय,
मीठ कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.