न्यूट्रल

जिनिंगच्या मोसमात नाकात कापूस असतो.
जेवताना असतो, झोपेत असतो,
रविवारी डोक्यावरून आंघोळ केली
तरी सोमवारच्या शिंकेत एक पांढरा तंतू निघतोच.

म्हणून खोब्रागडे मामा म्हणाले,
नाकाच्या शेंड्यापाशी लक्ष ठेवा, नुसता श्वास पाहा,
तेव्हा मला हसू आलं.
दुसऱ्यांचा श्वास दिसत नाही म्हणे.
आमचा दिसतो, मामा. रुईच्या भावाने विकता येईल एवढा.

मामा एसटीत मेकॅनिक होते, वणी डेपोला, एकतीस वर्षं.
विहारात पत्र्याखाली सतरंजी टाकून बसवतात आम्हाला
सात वाजता, लाइन असो नसो.
आम्ही सहा बायका, अंगणवाडीतली मदतनीस पोरगी,
आणि यशवंता, जो बसल्या बसल्या घोरतो.
मामा त्याला उठवत नाहीत.
वंदना झाली की म्हणतात,
"गाडी न्यूट्रलमंदी टाका. इंजन चालू राहू द्या.
एक्सलेटर देऊ नोका. ब्रेकबी मारू नोका."

श्वास आत गेला.
श्वास बाहेर आला.
मग कुकर.

माझा पाच लिटरचा कुकर, जो कुंदाने
पोराच्या नामकरणाला नेला
आणि शिट्टी हरवून परत केला.
हरवली म्हणाली नाही. फळीवर ठेवला आणि गेली.
चार वर्षं झाली.
माझी सख्खी जाऊ, मधे एक विटांची भिंत,
तिच्या फोडणीचा ठसका मला लागतो
आणि आम्ही बोलत नाही.
नवी शिट्टी मी आणली नाही.
कुकर तसाच ठेवला, पुरावा म्हणून.

मामांना विचारलं, डोळे मिटले की कुकर येतो, काय करू?
"येऊ द्या ना. थांब्यावर बस येते, थांबते, जाते.
आपल्याले त्या गावाले जायाचंच नाही
तं चढता कायले?"

मी चढायचे.
रोज चढायचे, खिडकीजवळची जागा धरून,
थेट शेवटच्या थांब्यापर्यंत.

जानेवारीत एका दुपारी मोठा पट्टा तुटला.
सगळे रेचे एकदम गप्प.
एवढी शांतता त्या शेडमध्ये मी कधी ऐकली नव्हती,
कान दुखले.
मुकादम फिटरला शिव्या देत बाहेर धावला.
मी ढिगाला टेकून उभी,
वरच्या फटीतून उन्हाची एक पट्टी,
तिच्यात धूळ सावकाश खाली येणारी.
आणि माझ्या वरच्या ओठावर चिकटलेला एक तंतू
जरासा आत वळला.
जरासा बाहेर झुकला.
परत आत.

मी त्याला पुसलं नाही.

कुणी मोजत नव्हतं. मुकादम नाही, मीही नाही.
कुंदा आली मधे, भांडं हातात घेऊन,
उभी राहिली,
आणि तंतू बाहेर झुकला तेव्हा नव्हती.
पुन्हा आली. पुन्हा नव्हती.
फिटरला वीस मिनिटं लागली म्हणतात.
शेजारची शोभा म्हणाली, काय वं, चक्कर आली का तुले?
मी म्हटलं, नाही.
एवढंच म्हणता आलं.

मामांना सांगितलं तर त्यांनी फक्त विचारलं,
"पट्टा कोणत्या साइडनं तुटला?"

मंगळवारच्या बाजारात साठ रुपये म्हणाला,
पन्नासला दिली.
राख लावून कुकर घासला, रबर बदलला,
तुरीची डाळ लावली.
माफ वगैरे केलं असं काही नाही.
अजूनही तिचा पाय माझ्या अंगणात पडला की
पोटात काहीतरी आवळतं,
आणि आवळलं, हे आता मला कळतं,
मग ते हळूहळू सुटतं.

पहिली शिट्टी झाली तेव्हा मी भाकरी थापत होते.
दुसरीला भिंतीपलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला.
तिसरी झाली.

"तीन झाल्या," पलीकडून आवाज आला,
"डाळ चिकट होईन, बंद करा."

पिठाच्या हातानेच मी गॅस बंद केला.
शिंक आली.
एक पांढरा तंतू.